शालेय वक्तृत्व मंडळ : उद्दिष्टे आणि वार्षिक योजना



आपल्या बहुतेक प्राथमिक शाळांतून वर्षातून चार-पाच वेळा मुलांची भाषणे होतात. लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी, स्वातंत्र्यदिन, सावित्रीबाई फुले यांची जयंती, प्रजासत्ताकदिन हे त्यांचे ठरलेले प्रसंग होत. त्या दिवशी काय घडते हे आपणांस ठाऊकच आहे. आदल्या आठवड्यात गुरुजी किंवा बाई एका कागदावर भाषण लिहून देतात. मूल ते घरी घोकते. व्यासपीठावर येऊन, मुठी आवळून, डोळे छताकडे लावून ते एका दमात म्हणून दाखविते आणि टाळ्यांच्या गजरात खाली बसते. मध्येच एखादा शब्द आठवला नाही की सारे भाषण कोसळते, कारण ते त्याचे नसतेच. शिवाय बोलणारी मुले दरवर्षी बहुधा तीच असतात. शाळेची लाज राखतील अशी पाच-सहा मुले आपण हेरलेली असतात. उरलेली मुले त्या दिवशी काय शिकतात, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतो. ती मांडी घालून गप्प बसावयास शिकतात. पाच वर्षे हाच पाठ गिरविल्यावर तो पक्का होतो. असे मूल मोठे झाल्यावर ग्रामसभेत, दवाखान्यात, तलाठ्याच्या कार्यालयात किंवा बाजार समितीत आपले म्हणणे मांडू शकत नाही, याचे आपणांस नवल वाटावयास नको.

हे चित्र पालटावयाचे तर भाषणाच्या प्रसंगांबरोबर भाषणाच्या सरावाची कायमची व्यवस्था हवी. तिलाच प्रस्तुत लेखात ‘वक्तृत्व मंडळ’ असे म्हटले आहे. स्पर्धा ही निवडक मुलांची असते आणि तीत एकाचा क्रमांक येण्यासाठी इतरांचा चुकावा लागतो. मंडळ हे सर्वांचे असते. त्यात प्रत्येकाची पाळी येते आणि कोणी कोणास हरवीत नाही. असे मंडळ उत्साहाच्या भरात सुरू करणे सोपे आहे. ते फेब्रुवारीपर्यंत टिकविणे अवघड आहे. बरीचशी मंडळे दिवाळीच्या सुटीत गेली ती परत येत नाहीत, कारण त्यांचे उद्दिष्ट मोजता येण्याजोगे नसते आणि योजना कागदावर उतरलेली नसते. म्हणून या दोन गोष्टींचाच येथे विचार केला आहे.

१. पूर्वीच्या मंडळांपासून काय घ्यावे?

अशी मंडळे आपल्याकडे नवीन नाहीत. मुंबईत १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. दादाभाई नौरोजी हे तिच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांपैकी होत. सभासदांनी निबंध वाचावेत व त्यांवर इतरांनी चर्चा करावी, असा तिचा परिपाठ होता. मराठी व गुजराती भाषांतून काम करण्यासाठी तिच्या ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या. ही चर्चा नुसती चर्चा राहिली नाही. पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, या सभेने मुंबईत मुलींच्या शाळा चालू केल्या आणि तरुण सभासद स्वतः तेथे शिकवू लागले. पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली व आजही ती चालू आहे.

परदेशातील एक उदाहरणही पाहण्यासारखे आहे. राल्फ स्मेडली हे अमेरिकेतील एका तरुणांच्या संस्थेत शिक्षणविभागाचे काम पाहत. संस्थेत येणाऱ्या तरुणांना चारचौघांत बोलता येत नाही, सभा चालविता येत नाही, हे त्यांनी पाहिले आणि १९०५ पासून इलिनॉय राज्यातील ब्लूमिंग्टन येथे सरावाचे वर्ग घेण्यास आरंभ केला. पुढे २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातील सांता आना येथे त्यांच्या मंडळाची सभा भरली. तीपासूनच आज अनेक देशांत पसरलेल्या ‘टोस्टमास्टर्स’ मंडळांची गणना होते. या मंडळांच्या बैठकीचे तीन भाग असतात : तयारी करून केलेली भाषणे, ऐनवेळी दिलेल्या विषयावरील लहान भाषणे आणि प्रत्येक भाषणावर सभासदाने दिलेला अभिप्राय. वेळ मोजणारा, शब्दांकडे लक्ष ठेवणारा, सभा चालविणारा अशी कामे सभासदांत फिरत असतात. तेथे शिकविणारा असा वेगळा कोणी नसतो. सभासद एकमेकांकडूनच शिकतात.

या साऱ्यांतून आपणांस तीन गोष्टी घेता येतील. पहिली, ठरलेला दिवस व ठरलेली वेळ. दुसरी, प्रत्येक सभासदाची पाळी. तिसरी, ऐकणाऱ्यालाही काम.

२. आधी पाहणी, मग उद्दिष्ट

कोठे जावयाचे हे ठरविण्यापूर्वी आपण कोठे उभे आहोत हे पाहावे लागते. म्हणून शाळा सुरू झाल्यावर, मुले रुळली की जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक मुलाची एक लहानशी पाहणी करावी. ती सबंध वर्गासमोर करू नये. तीन-तीन मुलांना व्हरांड्यात किंवा झाडाखाली बोलवावे आणि प्रत्येकास अर्धा-एक मिनिट स्वतःच्या आवडीच्या गोष्टीविषयी बोलावयास सांगावे. मग पुढील चारांपैकी एक पायरी त्याच्या नावापुढे टिपावी :

(अ) उभे राहते, पण बोलत नाही.
(आ) विचारलेल्या प्रश्नास एक-दोन शब्दांत उत्तर देते.
(इ) तीन-चार वाक्ये सलग बोलते.
(ई) ऐकणाऱ्यांकडे पाहून क्रमाने व समजेल असे बोलते.

ही नोंद आपल्यापुरती ठेवावी. ती भिंतीवर लावू नये वा मुलांना वाचून दाखवू नये. समजा, तिसरी ते पाचवी मिळून ३२ मुले आहेत आणि त्यांपैकी ७ मुले ‘अ’ पायरीवर आढळली. तर आपल्या मंडळाचे खरे काम त्या ७ मुलांपाशी आहे, हे जुलैतच स्पष्ट झाले. ‘ई’ पायरीवरील मुलाने तालुक्याहून ढाल आणली तर आनंदच आहे. परंतु ते मूल मंडळावाचूनही बोललेच असते. मंडळाचे यश ‘अ’ पायरी रिकामी होण्याने मोजावे.

आता उद्दिष्टांकडे वळू. ध्येय आणि उद्दिष्ट यांत फरक आहे. ‘मुलांच्या अंगी सभाधीटपणा यावा’ हे ध्येय झाले. ते दिशा दाखविते, पण मार्चअखेर ते साधले की नाही हे त्यावरून सांगता येत नाही. उद्दिष्टास चार अंगे असतात : किती, केव्हापर्यंत, कोणी पाहावयाचे आणि पुरावा कोणता. ‘वक्तृत्वगुणांचा विकास करणे’ असे वाक्य नोंदवहीत लिहून ठेवले तर त्यातील एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

३. उद्दिष्ट हिशेबातून काढावे

उद्दिष्ट मोठे दिसावे म्हणून ठरवू नये. हाती असलेल्या वेळेच्या हिशेबातून ते काढावे. शनिवारच्या सकाळच्या शाळेत ४० मिनिटे मंडळासाठी राखली असे धरू. सण, सुट्या, परीक्षा व सहली वजा जाता जुलैअखेर २, ऑगस्टमध्ये ४, सप्टेंबरमध्ये ४, ऑक्टोबरमध्ये २, नोव्हेंबरमध्ये ३, डिसेंबरमध्ये ४, जानेवारीत ४ आणि फेब्रुवारीत ३ असे २६ शनिवार मिळतील. आपल्या शाळेच्या सुट्यांप्रमाणे हे आकडे थोडे बदलतील. पाऊस, शासकीय कामे, शिक्षकांची बैठक यांसाठी २ शनिवार राखीव सोडले की २४ बैठका उरतात.

एका बैठकीत ४ तयार भाषणे, ६ उत्स्फूर्त भाषणे व ४ अभिप्राय बसतात. म्हणजे वर्षात ९६ तयार भाषणे, १४४ उत्स्फूर्त भाषणे आणि ९६ अभिप्राय होतील. ३२ मुलांत ते वाटले असता प्रत्येकाच्या वाट्यास ३ तयार भाषणे, ४ उत्स्फूर्त भाषणे व ३ अभिप्राय येतात. शिवाय उत्स्फूर्त भाषणांच्या १६ पाळ्या गैरहजर मुलांसाठी शिल्लक राहतात. अर्थात वर्षभरात प्रत्येक मूल १० वेळा उभे राहून बोलेल. जे मूल पाच वर्षांत एकदाही बोलले नसते, ते एका वर्षात दहा वेळा बोलेल, हा लाभ लहान नव्हे. यावरून मंडळाची उद्दिष्टे अशी लिहिता येतील :

१. फेब्रुवारीअखेर प्रत्येक मुलाची ३ तयार भाषणे, ४ उत्स्फूर्त भाषणे व ३ अभिप्राय पूर्ण होतील. (पुरावा : पाळीपत्रक.)
२. मार्चच्या पाहणीत ‘अ’ पायरीवर एकही मूल राहणार नाही आणि ‘आ’ व ‘इ’ पायऱ्यांवरील प्रत्येक मूल निदान एक पायरी चढलेले असेल. (पुरावा : जुलै व मार्चच्या नोंदी.)
३. ऐकलेल्या भाषणातील एक मुद्दा सांगणे व त्यावर एक प्रश्न विचारणे प्रत्येक मुलास जमेल. (पुरावा : अभिप्रायाची नोंद.)
४. वर्षात एकदा तरी मुले गावाच्या किंवा शाळेच्या एखाद्या खऱ्या गरजेविषयी मोठ्यांपुढे बोलतील. (पुरावा : त्या सभेचा वृत्तान्त.)

चारांहून अधिक उद्दिष्टे घेऊ नयेत. बारा उद्दिष्टे लिहिणाऱ्या शाळेस त्यांपैकी एकही आठवत नाही, हा अनुभव आहे.

मुलांची संख्या निराळी असल्यास हिशेब बदलावा. वस्तीवरील शाळेत १२ मुले असतील तर बैठकीत २ तयार भाषणे पुरेत. वर्षात प्रत्येकाची ४ होतील आणि बैठकही २५ मिनिटांत आटोपेल. ६४ मुले असतील तर त्याच वेळी दोन मंडळे दोन खोल्यांत किंवा खोली व व्हरांडा येथे भरवावीत. वरच्या इयत्तेतील मूल एकीचे अध्यक्षस्थान घेईल. शिक्षकांनी दर शनिवारी आलटून पालटून बसावे.

४. वर्षाची आखणी

सोप्याकडून कठिणाकडे हे तत्त्व येथेही पाळावे. भाषणाची कठिणता विषयाने वाढते, तशीच ती श्रोत्यांनीही वाढते. म्हणून दोन्ही हळूहळू वाढवावीत.

जुलैअखेर मंडळाची स्थापना करावी, नियम मुलांकडूनच ठरवून घ्यावेत आणि पाळीपत्रक भिंतीवर लावावे. ऑगस्ट व सप्टेंबर हे महिने ‘दाखवा आणि सांगा’ या प्रकारासाठी ठेवावेत. हातात वस्तू असली की मुलाचा अर्धा संकोच जातो, कारण श्रोत्यांचे डोळे वस्तूकडे असतात. खुरपे, विळा, पाटा-वरवंटा, सुगरणीचे घरटे, बियाण्याची कणसे, आजीची सुपारी फोडण्याची अडकित्ता अशी कोणतीही वस्तू चालेल. ऑक्टोबर व नोव्हेंबरमध्ये ‘कसे करावे’ सांगावे : भाकरी कशी थापतात, शेळीचे दूध कसे काढतात, रोपे कशी लावतात. डिसेंबरमध्ये अनुभव व गोष्ट सांगावी. जानेवारीत मत मांडावे व त्याचे कारण द्यावे. फेब्रुवारीत विनंती करावी, आभार मानावेत, सूचना मांडावी. सभेत प्रत्यक्ष लागणारे भाषण हेच होय. मार्चमध्ये पुन्हा पाहणी करावी.

ज्या गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीस किंवा वीटभट्टीस जातात, तेथे एक काळजी अवश्य घ्यावी. जाणाऱ्या मुलांची नावे ऑगस्टमध्येच काढून त्यांच्या निदान दोन तयार पाळ्या स्थलांतरापूर्वी घ्याव्यात. नाहीतर ज्यांना गरज सर्वांत अधिक, त्यांच्याच पाळ्या पत्रकात कोऱ्या राहतात. परतल्यावर ‘मी राहिलो ते गाव’ हा विषय त्यांच्यासाठी राखावा. कारखान्याचा पट्टा, बैलगाड्या, कोपीवरचे जीवन यांविषयी त्यांच्याइतके सांगणारे वर्गात दुसरे कोणी नसते. एरवी अभ्यासात मागे पडलेले मूल त्या दिवशी जाणकार म्हणून उभे राहते.

५. बैठकीचा नमुना

चाळीस मिनिटांची विभागणी अशी करावी :

प्रारंभ व मागील बैठकीचा वृत्तान्त : ३ मिनिटे
तयार भाषणे ४, प्रत्येकी २ मिनिटे व मध्ये १ मिनिट : १२ मिनिटे
उत्स्फूर्त भाषणे ६ : ८ मिनिटे
चार अभिप्राय, तसेच वेळरक्षक व शब्दवेचक यांचे निवेदन : ८ मिनिटे
शिक्षकांचे दोन शब्द : ४ मिनिटे
पुढील बैठकीच्या पाळ्या : ३ मिनिटे

ही ३८ मिनिटे झाली. उरलेली २ मिनिटे उठण्याबसण्यात जातात. अध्यक्ष व चिटणीस महिन्याने बदलावेत. सूत्रधार, वेळरक्षक व शब्दवेचक दर बैठकीस बदलावेत. वेळरक्षकाजवळ हिरवा, पिवळा व लाल असे कागदाचे तीन तुकडे असावेत. एक मिनिट झाले की हिरवा, दीड मिनिट झाले की पिवळा आणि दोन मिनिटे झाली की लाल दाखवावा. शब्दवेचकाने भाषणांतील तीन चांगले शब्द वेचून फळ्यावर लिहावेत. चुकलेले शब्द वेचणे हे त्याचे काम नाही.

या लहान कामांना दुय्यम समजू नये. एका शाळेत चौथीतील एक मुलगी ‘अ’ पायरीवर होती. तिला भाषणास उभे करण्याची घाई बाईंनी केली नाही. चार बैठका तिला वेळरक्षक केले. ती फक्त कागद दाखवीत असे. पाचव्या बैठकीस एक मुलगा लाल कागद पाहूनही थांबेना, तेव्हा ती एकाएकी म्हणाली, “तुझी दोन मिनिटं झाली, आता बस.” साऱ्या वर्गाने मान वळविली आणि मुलगा खाली बसला. बैठकीत सर्वांपुढे ती बोलली ती हीच पहिली वाक्ये होत. आपल्या बोलण्याने काही घडते, हे ज्या क्षणी मुलास कळते त्या क्षणापासून त्याचे बोलणे सुरू होते. पुढच्या महिन्यात तिने घड्याळ कसे पाहावे यावर भाषण केले.

६. भाषणाची तयारी

शिक्षकाने भाषण लिहून देऊ नये, हा मंडळाचा पहिला नियम असावा. लिहून दिलेले भाषण मूल म्हणून दाखविते. ते बोलत नाही. त्याऐवजी तीन प्रश्न द्यावेत : काय सांगणार? ते कसे असते किंवा कसे करतात? आणि त्यावरून ऐकणाऱ्याने काय लक्षात ठेवावे? प्रत्येक प्रश्नासाठी एकच शब्द एका चिठ्ठीवर लिहावा. ही तीन शब्दांची चिठ्ठी हेच मुलाचे टाचण. ‘आमची विहीर’ या विषयावर तिसरीतल्या मुलाने ‘खोली – मोटर – कठडा’ एवढेच लिहिले तरी दोन मिनिटांचे भाषण त्यातून निघते : विहीर किती खोल आहे, मोटर सुरू करताना हात कोरडे का हवेत आणि कठडा नसलेल्या विहिरीजवळ लहान भावंडांना का जाऊ देऊ नये.

ही रचना आपल्या लोकांना परकी नाही. कीर्तनकार पूर्वरंगात विचार मांडतो आणि उत्तररंगात आख्यान सांगून तो ऐकणाऱ्यांच्या मनात ठसवितो. आधी गोष्ट की आधी विचार, हे मुलाने ठरवावे. पण दोन्ही असावीत.

‘माझा आवडता नेता’, ‘वेळेचे महत्त्व’ असले विषय पहिली तयार भाषणे होईपर्यंत टाळावेत. त्यांवर मुलाजवळ स्वतःचे सांगण्यासारखे काही नसते, म्हणून ते पुस्तकातील वाक्ये आणते. उत्स्फूर्त भाषणासाठी चिठ्ठ्यांचा डबा करावा व त्यात मुलांनीच विषय टाकावेत : आज सकाळी काय खाल्ले, पाऊस नसता तर, शाळेच्या आवारात काय बदलावे. चिठ्ठी उघडल्यावर अर्धे मिनिट विचारास द्यावे आणि तीन वाक्ये झाली तरी पुरे मानावे.

७. बोलीविषयी

येथे एक महत्त्वाची गोष्ट सांगावयाची आहे. मूल घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, कोरकू, गोंडी, भिली किंवा अन्य बोली बोलते. ते उभे राहून पहिले वाक्य बोलते आणि आपण लगेच उच्चार सुधारतो. त्यातून मूल एवढेच शिकते की आपले घरचे बोलणे चुकीचे आहे आणि गप्प राहिले तर चूक होत नाही. भाषण चालू असता भाषेची दुरुस्ती कदापि करू नये. गाडगे महाराज हे वऱ्हाडी बोलीत कीर्तन करीत. श्रोत्यांनाच प्रश्न विचारावेत, त्यांच्याकडूनच उत्तरे काढावीत आणि त्या उत्तरांतून अंधश्रद्धा, कर्ज, व्यसन यांचा निकाल लावावा, ही त्यांची रीत होती. दिवसा खराट्याने गाव झाडणाऱ्या आणि रात्री हजारोंना खिळवून ठेवणाऱ्या या पुरुषाच्या वक्तृत्वाचे बळ त्याच्या बोलीतच होते.

याचा अर्थ प्रमाण मराठी शिकवू नये असा नाही. पहिले तयार भाषण बोलीत होऊ द्यावे. दुसऱ्या पाळीस तेच मूल तोच विषय ‘तालुक्याहून आलेल्या पाहुण्यांना’ सांगत आहे अशी कल्पना करावी व पाच-सहा शब्दांना प्रमाण भाषेतील शब्द वर्गाने मिळून शोधावेत. अशा रीतीने मुलाजवळ एक भाषा होती त्याच्या दोन होतात. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानातही मौखिक भाषाविकास हा वाचन-लेखनाचा पाया मानला आहे. म्हणून मंडळाच्या वेळेस अभ्यासातून वजा झालेला वेळ समजण्याचे कारण नाही.

८. अभिप्राय व शिस्त

अभिप्रायाचा नियम एकच : दोन गुण, एक सूचना. ‘छान होते’ हा अभिप्राय नव्हे. ‘तू मडक्यास टिचकी मारून आवाज ऐकविलास ते आवडले, भाजणे कसे करतात ते क्रमाने सांगितलेस, पुढच्या वेळी शेवटचे वाक्य थोडे मोठ्याने सांग’ हा अभिप्राय होय. ‘अ’ व ‘आ’ पायऱ्यांवरील मुलांना पहिल्या दोन पाळ्यांत सूचना देऊ नये. फक्त गुण सांगावेत. हसणे, चिडविणे, नक्कल करणे यांस मंडळात थारा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे आणि असा प्रसंग आला तर बैठक थांबवून तो नियम अध्यक्षाकडून वाचून घ्यावा. शिक्षकांनी शेवटी बोलताना एका वेळी एकच गोष्ट शिकवावी. आज आवाज, पुढच्या शनिवारी नजर, त्यानंतर थांबे.

एखादे मूल अडखळत बोलत असेल तर त्याचा अडलेला शब्द आपण पुरा करू नये आणि ‘सावकाश बोल’ असे वारंवार बजावू नये. त्याच्याकडे शांतपणे पाहावे व थांबावे. त्याच्यासाठी लाल कागद नसावा. बोलावयाचे की अन्य काम घ्यावयाचे हे त्यास विचारूनच ठरवावे. शाळेत आरोग्यतपासणीसाठी येणाऱ्या पथकाच्या नजरेस असे मूल आणून द्यावे. तसेच जे मूल मुळीच प्रतिसाद देत नाही त्याची श्रवणतपासणी करून घ्यावी. संकोच समजून आपण ज्यास सोडून देतो, त्यास कदाचित ऐकूच येत नसते.

९. गावापुढे

२७ फेब्रुवारी या मराठी भाषा गौरव दिनाच्या सुमारास पालक व शालेय व्यवस्थापन समितीचे सभासद यांच्यापुढे मंडळाची जाहीर बैठक घ्यावी. तीत क्रमांक व बक्षिसे नसावीत आणि निवडक मुलांऐवजी पाळीपत्रकाप्रमाणे ज्यांची पाळी असेल तीच मुले बोलावीत. याच बैठकीत चौथे उद्दिष्ट साधता येईल. जानेवारीत मुलांनी शाळेची किंवा वस्तीची एक गरज निवडावी : पिण्याच्या पाण्याच्या टाकीचे झाकण, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी, रस्त्याच्या वळणावरील फलक. ती प्रत्यक्ष पाहून, मोजून, किती मुलांची अडचण होते हे टिपून तीन मुलांनी तीन मिनिटांत मांडावी. ज्यांच्या हाती निर्णय आहे त्यांस आधी निमंत्रण द्यावे. मागणी लहान व पुरी करता येण्याजोगी असावी. ती पुरी झाल्यास मुले आभाराचे भाषण करतील. न झाल्यास काय उत्तर मिळाले ते पुढील बैठकीत वर्गास सांगतील. दोन्हींतून शिक्षण होते.

१०. नोंदवही व मासिक आढावा

मंडळासाठी एकच वही पुरे. डाव्या पानावर पाळीपत्रक, उजव्या पानावर चिटणिसाने लिहिलेला पाच ओळींचा वृत्तान्त. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शाळा सुटल्यावर दहा मिनिटे बसून शिक्षकांनी तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत : कोणाच्या पाळ्या राहिल्या? कोणते मूल अद्याप ‘अ’ पायरीवर आहे व त्यास पुढच्या महिन्यात कोणते काम देणार? मंडळाचा वेळ कोणत्या कारणाने बुडाला? पाळ्या मागे पडल्यास उद्दिष्ट खाली आणू नये. राखीव शनिवार वापरावा किंवा दैनिक परिपाठात दोन उत्स्फूर्त भाषणे घ्यावीत. एकशिक्षकी शाळेत परिपाठाचा हा उपयोग विशेष होईल.

शाळाभेटीच्या वेळी आम्ही ही वही पाहू. तीतील पाळ्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून न झालेल्या बैठका लिहू नयेत. कोरी जागा पाहून अडचण कळते आणि तीवर उपाय काढता येतो. खोटी भरलेली जागा पाहून काहीच कळत नाही.

येत्या शनिवारी सुरुवात करावयाची तर सामग्री थोडीच लागते : एक वही, चिठ्ठ्यांचा डबा, तीन रंगांचे कागद आणि हजेरीपट. हजेरीपटावरील नावे वाचत असता प्रत्येक नावाशी थांबून, या मुलाचे सलग असे कोणते वाक्य आपण ऐकले आहे, हे आठवून पाहावे. ज्या नावापाशी काहीच आठवत नाही, तेथे खूण करावी आणि पाळीपत्रकाचा आरंभ त्या नावांपासून करावा.

केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेची पटसंख्या व उपलब्ध शनिवार धरून प्रत्येक मुलाच्या वाट्यास किती पाळ्या येतील याचा हिशेब मांडा.
२. स्थलांतर करणाऱ्या मुलांच्या पाळ्यांची योजना आपण कशी कराल?
३. आपल्या परिसरातील बोलीत मुलांना सांगता येतील असे दहा विषय काढा.
४. ‘अ’ पायरीवरील मुलास भाषणापूर्वी देता येतील अशी कामे कोणती?